क्रौर्य असह्य झालं म्हणून फँटसी कादंबरी अर्ध्यात सोडणं: कधी, कुठे आणि कशी?

नीलमोहर

रसभंगाची सूचना आधीच देते. या धाग्यात 'द पॉपी वॉर'चा अगदी शेवटापर्यंतचा उल्लेख येणार आहे. ज्यांना ती काही माहीत नसताना वाचायची आहे त्यांनी इथूनच परतावं.

आर. एफ. क्वांग यांची ही पहिली कादंबरी, २०१८ची. सुरुवात दक्षिणेतल्या रिन नावाच्या अनाथ मुलीपासून होते. केजू ही देशभरातली परीक्षा, मग सिनेगार्डची लष्करी शाळा, विक्षिप्त गुरू, वर्गातली चुरस. वाचताना हात थांबत नाही. मग युद्ध सुरू होतं आणि एकविसाव्या प्रकरणात गोलिन नीस हे शहर येतं. नरसंहार उरकल्यानंतर रिन आणि तिचे सोबती त्या शहरात शिरतात. पुढची पानं म्हणजे प्रेतांच्या राशी, लहान मुलं, आणि जिवंत सापडलेल्या एका वर्गसोबतिणीच्या तोंडून तिच्यावर आणि इतर बायकांवर काय काय झालं त्याची हकीकत. पुस्तक तिथे बंद केलं आहे.

माझे प्रश्न तीन. पुढे हे निवळतं का? असं पुस्तक सोडायचं की काही पानं टाळून पूर्ण करायचं, हे कशावरून ठरवावं? आणि हे आधी कळण्याची काही खात्रीची वाट आहे का? "मन घट्ट करून वाचा" याखेरीज काहीही सांगा.

काळाघोडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, निवळत नाही. गोलिन नीसनंतर रिन आणि तिच्या तुकडीचा प्रमुख अल्तान पकडले जातात आणि शिरो नावाच्या डॉक्टरच्या प्रयोगशाळेत पोचतात. जिवंत माणसांवरचे प्रयोग तिथे आहेत. शेवटी रिन फिनिक्स देवतेची शक्ती वापरून शत्रूचं अख्खं बेट जाळून टाकते, माणसांसकट, आणि हा निर्णय ती जाणूनबुजून घेते. दुसरा भाग 'द ड्रॅगन रिपब्लिक' (२०१९) या कृत्याच्या ओझ्यापासून आणि अफूच्या व्यसनापासून सुरू होतो. म्हणजे एकविसावं प्रकरण हा मधलाच एक खड्डा नाही. पुस्तकाचा उतार तिथून सुरू होतो. ते पार करून पुढे सपाट रस्ता लागेल या आशेवर थांबलेल्या वाचकाने थांबू नये.

खुणा मात्र आधीपासून आहेत. परीक्षेचा अभ्यास करताना झोप येऊ नये म्हणून रिन हातावर गरम मेण ओतते. शाळेत पाळीमुळे अभ्यास बुडतो म्हणून ती औषध घेऊन गर्भाशयच कायमचं निकामी करून घेते. दोन्ही ठिकाणी लेखिका वेदनेवरून नजर हटवत नाही, आणि रिन दोन्ही वेळा शरीर मोडून हवं ते मिळवते. शेवटच्या निर्णयाचं बीज तिथेच आहे. शाळेच्या गोष्टीच्या ओघात आपण या खुणा ओलांडून जातो, इतकंच.

पिंपळपान

वाचतेय. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची मीही वाट बघतेय.

कुंपणकाठ

पुस्तक कधी सोडावं याचा सर्वांत प्रसिद्ध नियम नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा. पन्नास पानं वाचा, आवडलं नाही तर सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. साठीच्या वाचकाने चाळीस, सत्तरीच्या वाचकाने तीस.

नियम चांगला आहे, पण तो कंटाळ्यासाठी आहे. कंटाळवाणं पुस्तक पन्नास पानांत ओळखू येतं, कारण कंटाळा पहिल्या पानापासून असतो. क्रौर्याचं तसं नसतं. या जातीच्या कादंबऱ्या आधी माणसांचा लळा लावतात आणि मग त्यांना फाडतात. लळा लागल्याशिवाय फाडण्याचा परिणामच होत नाही. त्यामुळे सर्वांत जड प्रसंग बहुधा मध्यावर किंवा तीन-चतुर्थांशावर येतो. पन्नास पानांची चाचणी, दुकानात उभ्याउभ्या चाळलेली पहिली दहा पानं, ई-पुस्तकाचा फुकट नमुना, या तिन्हींत ते सापडत नाही. 'द पॉपी वॉर'चा नमुना वाचून कुणालाही ती शाळकरी मुलीच्या जिद्दीची गोष्टच वाटेल.

म्हणून क्रौर्यासाठी वेगळा मुक्काम ठरवावा लागतो. माझ्या मते तो असा: पहिला जड प्रसंग आल्यावर लगेच सोडू नये आणि लगेच पुढेही रेटू नये. त्यानंतरची दोन प्रकरणं वाचावीत आणि लेखक त्या प्रसंगाचं काय करतो ते पाहावं. दोन प्रकरणांत त्याचा मागमूस नसेल, पात्रं जेवून-खाऊन पुढच्या मोहिमेला लागली असतील, तर तो प्रसंग फक्त धक्क्यासाठी होता. असे धक्के पुढे वाढत्या मात्रेने येतात, कारण तोच धक्का दुसऱ्यांदा लागत नाही.

अनुष्टुभ

कुंपणकाठ यांचा मुद्दा पुढे नेतो. आपल्या हाताशी याचा फार जुना आणि फार कठोर नमुना आहे: महाभारताचं सौप्तिकपर्व.

युद्ध संपल्यात जमा आहे. रात्री वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांना एक घुबड मारतं, ते पाहून अश्वत्थाम्याला कल्पना सुचते. तो झोपलेल्या छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्राने मार. तेवढंही तो देत नाही, लाथांनी मारतो. द्रौपदीचे पाचही मुलगे जातात. बाहेर पळणाऱ्यांना दारावर कृप आणि कृतवर्मा कापतात. आजच्या कुठल्याही काळ्या फँटसीत शोभेल असं हे वर्णन आहे, काही हात राखून केलेलं नाही.

पण त्याच्या लगेच पुढचं पर्व कोणतं? स्त्रीपर्व. गांधारीला रणांगण दिसतं. एकेका प्रेताजवळ कोण बसली आहे, कोण मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे शोधते आहे, हे नावानिशी येतं. मग ती कृष्णाला शाप देते. त्यानंतर येणारं शांतिपर्व हे महाभारतातलं सर्वांत मोठं पर्व, आणि त्याची सुरुवात जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नको झालं आहे इथून होते. एका रात्रीच्या कत्तलीपाठोपाठ शोकाला अख्खं पर्व आणि पश्चात्तापाला त्याहून कितीतरी जास्त जागा. हे प्रमाण मला कसोटी म्हणून फार उपयोगी वाटतं. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याला नंतर किती पानं मिळाली? बोलायला कोण उरलं? की कॅमेरा मारणाऱ्याच्याच खांद्यावर बसून पुढे गेला?

किल्लेदार

मी विरुद्ध बाजूने बोलतो, आणि अनुष्टुभ यांचीच कसोटी लावून.

गोलिन नीस ही कल्पनेतली नगरी असली तरी तिच्यामागे डिसेंबर १९३७मध्ये जपानी सैन्याने चीनमधल्या नानजिंग शहरात केलेलं हत्याकांड आहे, आणि शिरोच्या प्रयोगशाळेमागे त्याच सैन्याचं, जिवंत माणसांवर प्रयोग करणारं युनिट ७३१. लेखिकेने चीनच्या इतिहासाचं शिक्षण घेतलं आहे. ते प्रकरण सौम्य केलं असतं तर जे घडलं त्याला सौम्य केल्यासारखं झालं असतं. आणि त्या वर्गसोबतिणीला, वेंकाला, लेखिका तिथेच सोडून देत नाही. ती पुढच्या दोन्ही पुस्तकांत आहे, लढते, रागावते, तिचं सगळं आयुष्य त्या घटनेवर संपलेलं नाही. धक्का देऊन पसार होणारं लेखन हे नव्हे.

शिवाय प्रकरणाची मांडणी बघा. अत्याचार घडत असताना आपण तिथे नाही. आपण नंतर पोचतो. जे झालं ते भोगलेली बाई स्वतः सांगते. मारणाऱ्याच्या डोळ्यांतून एक ओळही नाही. जड आहे, मान्य. सवंग नाही.

नीलमोहर

किल्लेदार, हे सगळं पटतं आणि तरीही पुस्तक बंदच राहील. ती सवंग आहे असा माझा आरोपच नव्हता. चांगलं लिहिलेलं आहे म्हणूनच ते सहन होत नाही.

अनुष्टुभ

आणि ते पुरेसं कारण आहे. पुस्तक योग्य आहे का आणि आपण ते आत्ता वाचू शकतो का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. लोक पहिल्याचं उत्तर "हो" आलं की दुसऱ्यालाही "हो" म्हणायला लावतात. नानजिंगबद्दल जाणून घेण्याची जबाबदारी वाटत असेल तर ती इतिहासाच्या पुस्तकातून, दिवसाउजेडी, ठरवून पार पाडता येते. कादंबरीतूनच पार पाडली पाहिजे असं काही नाही.

टेकडीवरची

तिसऱ्या प्रश्नाकडे येते, आधी कसं कळावं.

स्टोरीग्राफ या वाचननोंदीच्या साइटवर प्रत्येक पुस्तकाच्या पानावर आशयाच्या सूचना असतात. वाचकांनी दिलेल्या, आणि काही ठिकाणी लेखकाने स्वतः मान्य केलेल्या. त्यांच्या तीन पायऱ्या असतात: ठळक, मध्यम, किरकोळ. प्रत्येक सूचनेपुढे ती किती वाचकांनी दिली तो आकडा असतो, आणि पायरीपेक्षा तो आकडा महत्त्वाचा. एखाद्या सूचनेपुढे दोनच वाचक असतील तर ते एखाद्या वाक्यावरून दिलेलं असू शकतं. शेकडो असतील तर तो प्रसंग चुकवता येणार नाही इतका मोठा आहे.

'डज द डॉग डाय' ही दुसरी साइट मुळात सिनेमासाठी सुरू झाली, आता पुस्तकंही आहेत. तिथे ठरावीक प्रश्नांना वाचक हो-नाही मत देतात आणि खाली टिपा लिहितात. टिपांत बऱ्याचदा नेमका प्रसंग किंवा प्रकरण दिलेलं असतं, आणि त्यातूनच रसभंग होतो. म्हणून टिपा स्वतः न वाचता, ज्याने पुस्तक वाचलं आहे किंवा ज्याला वाचायचंच नाही अशा माणसाला वाचायला द्या आणि त्याच्याकडून फक्त प्रकरण क्रमांक घ्या.

दोन्हींची कमतरता एकच. "आहे" एवढं कळतं. "किती वेळ चालतं" आणि "कुणाच्या नजरेतून" हे कळत नाही. त्यासाठी दोन तारे देणारे अभिप्राय वाचा. एक तारावाले रागात असतात, पाच तारावाले प्रेमात. दोन तारे देणाऱ्याने बहुधा पुस्तक पूर्ण वाचलेलं असतं आणि कुठे बिनसलं ते तो शांतपणे लिहितो.

ई-पुस्तक विकत घेतलेलं असेल तर पुस्तकातल्या शोधखिडकीचा उपयोग होतो. अत्याचाराशी संबंधित दोन-तीन शब्द टाकून निकाल कोणत्या प्रकरणांत दाटीने येतात ते बघा, वाक्यं वाचू नका. विखुरलेले निकाल म्हणजे उल्लेख. एकाच प्रकरणात आठ-दहा म्हणजे प्रसंग. फँटसीत मात्र हे फसतं, कारण लेखक शिक्षेला, विधीला, यातनेच्या प्रकाराला स्वतःचं नाव देतो आणि नेहमीचा शब्द वापरतच नाही.

विसावा

एक वेगळा प्रश्न. चौदा वर्षांची मुलगी आहे, शाळेत मैत्रिणींमध्ये 'द पॉपी वॉर' फिरतंय. ओटीटीवर निदान वयाचा शिक्का दिसतो. पुस्तकावर काहीच नाही. काय करावं?

टेकडीवरची

विसावा ताई, ओटीटीवरचा शिक्का २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे आला. सर्वांसाठी, सात, तेरा, सोळा वर्षांवरील आणि प्रौढांसाठी, आणि शेजारी हिंसा, भाषा वगैरे कारण. पुस्तकांना आपल्याकडे असा कुठलाही वर्गीकरणाचा नियम नाही.

या पुस्तकाबाबत घोटाळा जास्त, कारण नायिका किशोरवयीन आहे आणि गोष्ट शाळेत सुरू होते. त्यामुळे ते किशोरांच्या मांडणीत आणि याद्यांत जाऊन बसतं. पण ते प्रौढांसाठी प्रकाशित झालेलं पुस्तक आहे. ओळखायची खूण आतल्या हक्कसूचनेच्या पानावर असते: तिथे प्रकाशनाच्या कोणत्या शाखेने ते काढलं ते लिहिलेलं असतं. हे हार्पर व्हॉयेजरचं आहे आणि ती शाखा प्रौढांच्या फँटसी-विज्ञानकथांची. मोठ्या प्रकाशकांच्या किशोर साहित्याच्या शाखा वेगळ्या नावाने असतात. मुखपृष्ठावरून मात्र काहीच ठरवू नका.

मुलीपासून पुस्तक लपवण्याचा उपयोग नाही, ते मैत्रिणीच्या दप्तरातून येणारच. एकविसावं प्रकरण कशाबद्दल आहे ते आधी साध्या शब्दांत सांगा, नानजिंगबद्दल सांगा, आणि "तिथे थांबलीस तरी चालेल, पुढचं मी सांगेन" हेही सांगा. मध्येच सोडायची मोकळीक आधी मिळालेली असली की मुलं खरंच सोडतात. ती नसेल तर मैत्रिणींत कमी पडू नये म्हणून पूर्ण करतात.

काळाघोडा

आता टाळून वाचण्याबद्दल. हे जमतं, पण त्याला पद्धत लागते. नुसतं डोळे मिटून पानं उलटली की गोष्टीचा धागा तुटतो आणि मग काय झालं ते शोधायला आपण पुन्हा त्याच पानांवर जातो.

प्रसंग सुरू झाल्याचं जाणवलं की त्या ओळीवर थांबा. तिथे वाचनखूण ठेवा. मग शब्द न वाचता फक्त पानाचा आकार बघत पुढे जा, जिथे रिकामी ओळ किंवा तीन ताऱ्यांची खूण येईल तिथपर्यंत. त्यानंतरचा पहिला परिच्छेद वाचा आणि स्वतःला तीन गोष्टी विचारा: कोण जिवंत आहे, कोणाला काय कळलं, माणसं आता कुठे आहेत. तिन्हींची उत्तरं मिळाली तर मागे वळू नका. नाही मिळाली तर त्या प्रकरणाचं शेवटचं पान वाचा, तेही शेवटच्या परिच्छेदापासून उलट वर. लेखक प्रकरणाच्या शेवटी बहुधा परिणाम सांगतो, वर्णन नाही. तरीही अडलं तर सारांश, पण चाहत्यांच्या विकीवर जाताना चित्रं बंद करून जा. तिथे चाहत्यांनी काढलेली चित्रं शब्दांपेक्षा वाईट असू शकतात. छापील पुस्तकात टाळायची पानं आधीच माहीत असतील तर ती क्लिपने एकत्र बांधून ठेवा, म्हणजे चुकून उघडत नाहीत. फोनवर सलग सरकणारा मजकूर बंद करून पान उलटण्याची सोय चालू करा. सरकत्या मजकुरात नको ते वाक्य डोळ्यांखाली येतंच.

कुठे फसतं? चौकशीच्या प्रसंगांत. जो ॲबरक्रॉम्बी, म्हणजे 'द ब्लेड इटसेल्फ' (२००६)चे लेखक, त्यांचा ग्लोक्टा हा छळ करणारा अधिकारी आहे, आणि कापड व्यापाऱ्यांच्या संघाविरुद्धचं सगळं कारस्थान त्याच्या चौकश्यांतूनच उलगडतं. त्या टाळल्या तर कथानकाचा मोठा भाग हातातून गेला. जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेत बहुतेक प्रकरणांना पात्राचं नाव असतं, त्यामुळे अख्खं पात्र टाळता येईल असं वाटतं. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' (२०११) मध्ये 'रीक' नावाची प्रकरणं छळाने मोडून गेलेल्या एका कैद्याची आहेत, नको वाटणं साहजिक आहे. पण उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्यातल्या घडामोडी बऱ्याच अंशी त्याच पात्राच्या, पुढे वेगळ्या नावांनी येणाऱ्या प्रकरणांतून दिसतात. तिथे परिच्छेद टाळा, प्रकरण नको.

आणि हिशेब ठेवा. दर दुसऱ्या प्रकरणात काहीतरी टाळावं लागत असेल तर ती कादंबरी आपण वाचत नाही आहोत, तिच्या कडेकडेने चाललो आहोत. तेव्हा सोडलेलीच बरी.

कुंपणकाठ

श्राव्य पुस्तकाबद्दल एक भर. तिथे चाळता येत नाही, आणि वाचणारा कलाकार किंकाळीसुद्धा अभिनयाने देतो. वेग दीडपट-दुप्पट करण्याचा उपयोग नाही, वर्णन तेवढंच राहतं आणि मन जास्त ताणलं जातं. बहुतेक ॲपमध्ये तीस सेकंद पुढे जाण्याचं बटण असतं. ते इअरफोनच्या बटणावर जोडून घ्या. सकाळच्या विरार फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्यात बॅग असते, फोन खिशातून काढता येत नाही, आणि नको तो प्रसंग दादरपर्यंत कानात चालत राहतो. जड वाटणारं पुस्तक प्रवासात ऐकूच नये, हे त्याहून सोपं.

पिंपळपान

वाचून झाल्यावर एखादं दृश्य डोक्यातून जातच नसेल तर?

टेकडीवरची

पिंपळपान, यावर एक नेमका प्रयोग आहे. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. लोकांना क्लेशदायक दृश्यांची फिल्म दाखवली, अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, बाकीच्यांना शांत बसवलं. पुढच्या आठवड्यात टेट्रिसवाल्यांना ती दृश्यं आपोआप डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण कमी होतं, घटना मात्र त्यांना तेवढीच आठवत होती. कारण असं मांडतात की रंगीत ठोकळे फिरवून बसवताना मेंदूची तीच दृश्य कल्पना करण्याची जागा व्यापली जाते जिच्यात ते चित्र पक्कं होत असतं.

तो प्रयोग फिल्मवरचा आहे, पुस्तकावरचा नाही, हे लक्षात ठेवा. पण पुस्तकाचा त्रासही डोळ्यांसमोरच्या चित्राचाच असतो, म्हणून करून बघण्यासारखं आहे: जिगसॉ, टेट्रिस, चित्र रंगवणं, डोळे आणि हात दोन्ही गुंततील असं काहीही. आणि असं पुस्तक झोपण्यापूर्वीचं शेवटचं काम ठेवू नका. मध्ये हलकं काही वाचा. दृश्यं आठवडे उलटूनही येत राहिली, झोप मोडू लागली, किंवा स्वतःच्या आयुष्यातलं काही वर येऊ लागलं तर ते पुस्तकापुरतं राहिलेलं नाही, समुपदेशकाशी बोलावं.

किल्लेदार

या सगळ्यावरून नवीन वाचकाला वाटेल की फँटसी आधी गोड होती आणि आता काळी झाली. तसं नाही. या काळ्या फँटसीला मिळालेलं 'ग्रिमडार्क' हे नाव वॉरहॅमर ४०,००० या १९८७च्या खेळाच्या घोषवाक्यातून आलं, पण माल जुना आहे. स्टीफन डोनाल्डसन यांची 'लॉर्ड फाउल्स बेन' १९७७ची. तिचा नायकच सुरुवातीच्या भागात एका मुलीवर बलात्कार करतो. हजारो वाचक तिथे पुस्तक ठेवतात, आणि ठेवण्यात गैर काही नाही. पण लेखक ते विसरत नाही. त्या कृत्यातून जन्मलेली मुलगी पुढच्या पुस्तकात त्या देशाची प्रमुख म्हणून येते, त्या घराची वाताहत तिन्ही भागांत चालू राहते. टॉल्किन तर १९१६ला पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली प्रेतांनी भरलेली ती दलदल उत्तर फ्रान्सच्या त्या भूमीचं काही ऋण मानते असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांनी प्रेतं दाखवली, पण पाण्याखालून, मेणबत्तीसारख्या उजेडात.

अनुष्टुभ

किल्लेदार यांच्या यादीत एक नाव घालतोच, कारण नीलमोहर यांना पुढे काय वाचावं याचं उत्तरही त्यात आहे. अर्सुला ल गुईन यांची 'तेहानू', १९९०ची. ती ज्या 'अर्थसी' मालिकेतली, तिची पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२मधली, मग अठरा वर्षांनी हे चौथं. जिच्यावर तिच्याच माणसांनी अत्याचार करून जाळायला टाकलेलं, अशी एक लहान मुलगी त्यात आहे. विषय गोलिन नीसपेक्षा हलका नाही. पण घटना पुस्तक उघडण्याआधीच घडलेली असते, आणि ती कधीच आपल्यासमोर घडवून दाखवलेली नाही. पुस्तकभर आहे ते नंतरचं: त्या मुलीला सांभाळणारी तेनार, भाजलेला हात, गावकऱ्यांच्या वळलेल्या नजरा, तिला कामं शिकवणं, ती पुन्हा बोलू लागणं. क्रौर्याबद्दल गंभीरपणे लिहायला क्रौर्याचं वर्णन करावंच लागतं, या म्हणण्याला हे पुस्तक पुरतं उत्तर आहे. मला ते या सगळ्या यादीत सर्वांत धीट वाटतं.

पहिली तीन वाचलेली नसतील तर आधी निदान पहिली दोन वाचा. तेनार दुसऱ्यातली आहे, तिच्याशिवाय 'तेहानू' अर्धवट कळेल.

काळाघोडा

राजकारण आणि दरबार आवडत असेल तर कॅथरीन ॲडिसन यांची 'द गॉब्लिन एम्परर' (२०१४). हवाई जहाजाच्या अपघातात राजा आणि वारस मरतात, तेही पडद्याआड, आणि दुर्लक्षित धाकटा मुलगा गादीवर येतो. कट आहेत, खून आहेत, पण नायक दयाळू आहे आणि दयाळू राहिल्याने तो मूर्ख ठरत नाही. अडचण नावांची: लांब आणि एकसारखी, किताबांसकट. मागे सूची आहे, ती उघडी ठेवूनच वाचा. ॲबरक्रॉम्बी मात्र आत्ता नको. विनोद भरपूर आहे, ग्लोक्टासारखं पात्र विरळा, पण गोलिन नीसनंतर लगेच ते नको.

नीलमोहर

'तेहानू' नोंदवलं. अनुष्टुभ, आभार. आता या प्रतीचं काय करू? घरात नको आहे.

कुंपणकाठ

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते इंग्रजी फँटसी घेतात, विशेषतः मालिकेतला पहिला भाग, कारण त्याला गिऱ्हाईक असतं. कणा मोडलेला नसावा, आत पेनाने लिहिलेलं नसावं. रोख पैशापेक्षा अदलाबदलीत भाव बरा मिळतो, तेव्हा बदली पुस्तक आधी हेरून मग बोला. वाचनालयाला किंवा इमारतीच्या कपाटाला देणार असाल तर आतल्या पहिल्या पानावर पेन्सिलने "प्रौढांसाठी, प्रकरण २१ पाहावे" एवढं लिहा. कुठल्या तरी विसावा ताईंना त्याचा उपयोग होईल.

वेलदोडा

शेवटचा प्रश्न. अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहावा का? न वाचलेल्या पुस्तकाला तारे देणं अन्याय वाटतो.

टेकडीवरची

लिहावा, तारे न देता. स्टोरीग्राफवर "पूर्ण केलं नाही" अशी वेगळी नोंद करता येते आणि तारे देणं सक्तीचं नाही. पुढच्या वाचकाला चार गोष्टी हव्या असतात: कुठे थांबलात, तिथे काय आहे, ते कसं आणि किती वेळ दाखवलं आहे, आणि तोवर काय चांगलं होतं. पात्रांची नावं आणि कोण मरतं ते टाळा. "भयंकर आहे, वाचू नका" यातून कुणालाच काही कळत नाही. एकाला भयंकर वाटणारं दुसऱ्याला काहीच वाटत नाही. या पुस्तकापुरता मसुदा देते, वेलदोडा किंवा नीलमोहर यांनी हवा तसा वापरावा:

"प्रकरण २१पाशी थांबले. तोवर शाळा आणि युद्धाची तयारी, वेग उत्तम, नायिका ठसठशीत. सुरुवातीच्या भागात स्वतःला इजा करून घेण्याचे दोन प्रसंग, थोडक्यात. प्रकरण २१मध्ये नरसंहारानंतरचं शहर, लहान मुलांसकट. जिवंत राहिलेल्या स्त्रीने सांगितलेली लैंगिक अत्याचारांची सविस्तर हकीकत. घटना प्रत्यक्ष घडताना दाखवलेली नाही, पण वर्णन स्पष्ट आणि लांब आहे, जवळजवळ अख्खं प्रकरण व्यापतं. १९३७च्या नानजिंगवर आधारित. ज्यांनी पूर्ण वाचलं त्यांच्या सांगण्यानुसार पुढेही आशय तेवढाच जड राहतो. प्रौढ वाचकांसाठी."